घराची गोधडी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकी कोणीतरी चार शब्द बोलावेत असे ठरले, आणि सेक्रेटरीबाईंनी माझे नाव घातले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषण करण्याची सवय नाही. "उन्हाळी वाळवणावर बोल" असे एकीने सुचवले. पण त्या विषयात ह्या सभागृहातील निम्म्या जणी माझ्या गुरू आहेत. म्हणून मी असा विषय घेतला आहे की ज्याच्यावर बायकांना कोणी बोलायला सांगत नाही. तो म्हणजे घराची भिंत आणि घराचे छप्पर.

ह्याला कारणे दोन. माझे वडील सासवडला गवंडी होते. लहानपणी त्यांच्या कामावर मी पाणी मारायला जात असे, तेव्हा गिलावा, कोबा, दरजा हे शब्द मला पाटीपुस्तकाच्या आधी ठाऊक झाले. दुसरे कारण आपणा सर्वांच्या घरचे आहे. आपल्या गल्लीतल्या तीन इमारती पाडून नव्याने बांधण्याचे घाटत आहे. संमतीचे कागद घरोघर फिरत आहेत. पुरुषमंडळी विचारतात, कार्पेट एरिया किती वाढला, पार्किंग मिळणार की नाही. आपल्याला विचारतात, ओट्याचा दगड काळा हवा की हिरवा. भिंत कशाची घालणार आणि गच्चीवर काय घालणार हे कोणी कोणाला विचारीत नाही. आणि दुपारी बारापासून चारपर्यंत त्या भिंतींच्या आत राहणार कोण? आपण, आपल्या सासूबाई आणि शाळेतून आलेली पोरे.

आता गोधडीचे सांगते. गोधडी स्वतः गरम नसते. तिच्यात शेगडी नाही, निखारा नाही. जुन्या लुगड्यांचे थर आणि त्यांच्यामध्ये अडकलेली हवा, एवढेच. ती हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही, म्हणून आपल्याला ऊब वाटते. पूर्वी बर्फाच्या कारखान्यातून लादी निघाली की ती लाकडाच्या भुशात पुरून, वर गोणपाट गुंडाळून गाडीवर घालीत. भुसा काही थंड नसतो. तो बाहेरची ऊब आत जाऊ देत नाही. म्हणजे वेष्टन एकच, थंडीत ऊब राखते आणि उन्हात थंडावा राखते. शास्त्रातले लोक ह्याला उष्णतारोधक म्हणतात. मी आपली गोधडी म्हणते. घरालाही अशी गोधडी लागते, आणि ती भिंतीत आणि छपरात घालायची असते, एवढाच माझा आजचा मुद्दा आहे.

माझ्या सासूबाईंचे बालपण सदाशिव पेठेत एका वाड्यात गेले. त्या सांगतात की वैशाखात दुपारी माजघरात पाऊल टाकले की डोळ्यांवर पाणी मारल्यासारखे वाटे. कारण उघड आहे. खाली दगडी जोते, वर लाकडी सांगाडा, आणि त्यात विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या हात-दीड हात जाड भिंती. अशी भिंत दुपारचे ऊन सावकाश पिते. ते आतल्या अंगाला पोचेपर्यंत रात्र होते, आणि रात्री चौकातून वारा येऊन भिंत पुन्हा निवते. वर कौले, कौलांखाली माळा, म्हणजे उन्हाला दोन दारे ओलांडून यावे लागे. थंडीतही त्याच भिंती उपयोगी पडत. पुण्यात जानेवारी १९३५ मध्ये पारा १.७ अंशांवर उतरला होता. त्या रात्री पत्र्याखाली निजलेल्यांचे आणि जाड भिंतीआड निजलेल्यांचे हाल सारखे झाले नसतील.

पण वाड्याचे गोडवे गाणारी मी नव्हे. अंधार, ढेकूण, दहा बिऱ्हाडांत दोन शौचकूप आणि पावसाळ्यात गळणारी कौले, हे सासूबाईच सांगतात. आणि मातीच्या भिंतीचा एक मोठा दोष १२ जुलै १९६१ रोजी साऱ्या पुण्याने पाहिला. पानशेत फुटले, खडकवासला फुटले, आणि नारायण, शनिवार, सदाशिव ह्या पेठांतले कितीतरी वाडे पाण्याने विरघळून बसले. सासूबाई त्या वेळी आठ वर्षांच्या होत्या. त्यानंतर गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती वाढल्या आणि गावात सिमेंटचे युग आले. सिमेंट पाण्याला घाबरत नाही, मजले चढवता येतात, जागा वाचते. हे सगळे खरे. फक्त वाडा पाडताना त्याची गोधडीही मलब्याबरोबर गेली, तिची आठवण कोणी ठेवली नाही.

नुसती सिमेंटची स्लॅब म्हणजे काय हे वरच्या मजल्यावर राहणाऱ्या भगिनींना सांगायला नको. पाच इंचांची स्लॅब, सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत उन्हात. संध्याकाळी सूर्य मावळतो, पण स्लॅब मावळत नाही. रात्री दहा वाजता पंखा लावला तर वरून गरम वाराच खाली येतो. मी मुलाच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी आणलेला भिंतीवरचा तापमापक गेल्या एप्रिलात आमच्या खोलीत आणि तळमजल्यावरच्या काकूंच्या खोलीत आळीपाळीने लावून पाहिला. रात्री नऊ वाजता चार अंशांचा फरक होता. एकच इमारत, एकच रात्र.

आणि ऊन वाढतेच आहे. शिवाजीनगरच्या वेधशाळेच्या नोंदीत पुण्याचा सर्वांत मोठा आकडा ४३.३ अंश आहे, तो १८९७ सालच्या एप्रिलातला. एप्रिल २०१९ मध्ये आपण पुन्हा ४३ अंशांपर्यंत पोचलो. "पुण्याची हवा थंड" असे म्हणत पेन्शनीत लोक इथे बंगले बांधीत, ते दिवस गेले.

मग उपाय काय, तर एसी. मी एसीच्या विरुद्ध नाही. घरात आजारी माणूस असेल, तान्हे मूल असेल, तर एसी ही चैन नव्हे. पण त्याचा हिशेब आपण किराणा मालाच्या हिशेबासारखा एकदा मांडून पाहू. दीड टनाचा एसी ताशी साधारण एक युनिट खातो असे धरा. रात्री आठ तास, म्हणजे आठ युनिटे. महिन्याची झाली दोनशे चाळीस. आता युनिट म्हणजे काय? कोळशापासून एक युनिट वीज करायला आपल्या देशी कोळशाचे सहाशे-सातशे ग्रॅम जळतात. सगळी वीज कोळशाचीच धरली, तर महिन्याला सुमारे दीडशे किलो कोळसा, म्हणजे पन्नास किलोची तीन पोती. एका खोलीसाठी! पूर्वी वखारीतून कोळशाची तीन पोती घरात आली असती तर सासूबाईंनी सुनेला जाब विचारला असता. आता पोती दिसत नाहीत, तारेतून येतात.

सगळी वीज कोळशाची नसते, हेही सांगितले पाहिजे. कोयनेचे पाणी आहे, साताऱ्याकडच्या डोंगरांवर पवनचक्क्या आहेत, आता सौर विजेचे प्रमाणही वाढते आहे. ती सारी धरूनही देशाच्या विजेत एका युनिटामागे सुमारे सातशे ग्रॅम कार्बन वायू हवेत जातो. दोनशे चाळीस युनिटांचा झाला एकशे अडुसष्ट किलो. हाच वायू पृथ्वीभोवती साठून ऊन वाढवतो. म्हणजे उकडते म्हणून एसी लावायचा, एसीमुळे आणखी उकडायचे आणि मग आणखी एसी लावायचे.

सासूबाईंच्या वाड्यात पहाटे चारला तांब्याचा बंब पेटे. ढलप्या, गोवऱ्या, कोळशाची खर. त्याचा धूर पेटवणारीच्याच डोळ्यांत जाई. आज आपण भिंतीवरचे बटण दाबतो आणि आपल्या डोळ्यांत काही जात नाही, तो धूर चंद्रपूरकरांच्या डोळ्यांत जातो. चंद्रपूरच्या वीजकेंद्राची ताकद २९२० मेगावॅट आहे, राज्यातल्या मोठ्या केंद्रांपैकी ते एक. आणि चंद्रपूर हेच महाराष्ट्रातल्या सर्वांत तापणाऱ्या गावांपैकी एक आहे. तिथल्या बायकांनी धूर सोसायचा आणि आपण खिडक्या लावून गारव्यात निजायचे, हे मला तरी बरे वाटत नाही.

शिवाय एसी खोलीतली उष्णता नाहीशी करीत नाही, उचलून बाहेर फेकतो, आणि स्वतः खाल्लेल्या विजेची ऊब वर घालतो. आमच्या मागच्या इमारतीत दोन चुलत जावांत ह्यावरून बोलणे बंद आहे. एकीच्या एसीचा पेटारा दुसरीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. धाकटी म्हणते, "वहिनी, तुमच्या गारव्याची फुणफुण माझ्या पोळ्यांना लागते." थोरली म्हणते, "तुम्हीही लावा." आणि खरोखरच सगळे तेच करीत आहेत. सरकारने मार्च २०१९ मध्ये देशाच्या थंडाव्याचा एक आराखडा काढला. त्यात म्हटले आहे की वीस वर्षांत थंडाव्याची मागणी आठ पटींवर जाईल, आणि ती २०३७-३८ पर्यंत वीस ते पंचवीस टक्क्यांनी कमी करावयाची. कमी करावयाची कशी, तर एसी काटकसरीचे करून आणि घरे नीट बांधून. पहिली गोष्ट चालू आहे. एसीवर तारे असतात हे आता पोरेही ओळखतात, आणि १ जानेवारी २०२० पासून नवा एसी सुरू केला की तो आपोआप चोवीस अंशांवर येतो. दुसरी गोष्ट मात्र मागे पडते. फ्रिज घेताना आपण पाच तारे मागतो. घर घेताना कोण मागते?

थंड देशांत हे मागतात. माझी पुतणी इंग्लंडात आहे. तिने तिकडे घर भाड्याने घेतले तेव्हा मालकाने तिला एक दाखला दाखवला. घर उबेची गळती किती करते त्याप्रमाणे ए पासून जी पर्यंत त्याला अक्षर दिलेले होते. तिचे घर डी. ती म्हणते, "काकू, माळ्यावर वीतभराहून जाड काचेची लोकर पसरली आहे आणि खिडकीला दोन काचा, मध्ये हवा." अगदी आपली गोधडी! तिकडे आपल्या उलट त्रास. वर्षातले सहा-सात महिने घर गरम ठेवावे लागते, नाहीतर म्हातारी माणसे दगावतात. पूर्वी घरोघर कोळसा जाळीत. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर त्या धुराचे असे धुके बसले की पाच दिवसांत हजारो माणसे गेली, मग १९५६ साली धुराविरुद्ध कायदा झाला. आता बहुतेक घरांत गॅस जळतो. धूर दिसत नाही, पण वायू हवेत जातोच, आणि बिल आले की पुतणीचा चेहरा फोनवरही समजतो.

तिकडची खरी अडचण ऐकण्यासारखी आहे. शंभर-शंभर वर्षांपूर्वीची लाखो घरे गोधडीवाचून बांधली गेली. आता एकेका घराच्या भिंती उकलून वेष्टन घालायचे तर खर्च फार, राहणाऱ्यांची गैरसोय फार, आणि मालक-भाडेकरू एकमेकांकडे बोट दाखवतात. उलट जर्मनीत डार्मस्टाट गावी १९९१ साली चार घरांची एक ओळ मुळातच वेष्टन घालून बांधली. तिला गरम ठेवायला साध्या घराच्या साधारण दहावा हिस्साच इंधन लागते. इतके लांब कशाला, आपल्या लडाखात फे गावाजवळ सेकमोल नावाची शाळा आहे. मातीच्या जाड भिंती, दक्षिणेला काचा. बाहेर पाणी गोठते आणि आत शेगडी न पेटवता मुले शिकतात. जे बांधताना केले ते स्वस्त पडले, मागाहून केले ते महाग पडले. माझे वडील हेच दुसऱ्या शब्दांत सांगत, "ओल्या मालात चूक सुधारते, सुकल्यावर छिन्नी लागते."

आता आपला माल अजून ओला आहे, म्हणून हे सांगते आहे. आज उभी राहील ती इमारत पन्नास-साठ वर्षे राहील. आपल्या नातवंडांची विजेची बिले आज आपण सही करू त्या कागदावर लिहिली जात आहेत.

बिल्डर काय करतात ते पाहा. पुष्कळ नव्या उंच इमारतींत विटाच नसतात. अॅल्युमिनियमचे साचे लावून स्लॅब आणि भिंती एकदम काँक्रीटच्या ओततात. मिस्त्री लोक त्याला मायवानचे काम म्हणतात. काम झपाट्याने होते, भिंत सरळ येते, गिलाव्याचा खर्च वाचतो. पण काँक्रीट म्हणजे उन्हाला राजमार्ग. ह्याउलट हलक्या, सच्छिद्र ठोकळ्यांची भिंत असते. आपण सगळे त्याला सिपोरेक्स म्हणतो. ही विद्या स्वीडनची, थंडीसाठी काढलेली, आणि पुण्यातच बी. जी. शिर्के ह्यांनी तिचा कारखाना काढला. ठोकळा हातात घेऊन पाहा, पावासारखी भोके असतात. त्या भोकांत हवा. काँक्रीटमधून जितकी उष्णता जाते त्याच्या साधारण दहावा हिस्सा त्यातून जाते. स्वीडनमध्ये हिवाळ्यासाठी काढलेली वस्तू पुण्याच्या उन्हाळ्याला उपयोगी पडते. साधी वीटही वाईट नाही. लॉरी बेकर नावाचे एक इंग्रज गृहस्थ केरळात येऊन राहिले, २००७ साली वारले. ते विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवीत. विटा पाव हिश्शाने वाचत आणि पोकळीतली हवा गोधडीचे काम करी. गवंड्याची पोर असल्यामुळे ती युक्ती मला फारच आवडते.

छपराबाबत तर सरकारी नियमावलीही आहे. डिसेंबर २०१८ मध्ये ती निघाली, नाव इको निवास संहिता. छपरातून किती उष्णता आत यावी ह्याला तिने मर्यादा घातली आहे. उघडी स्लॅब त्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट उष्णता आत सोडते. म्हणजे नुसत्या स्लॅबवर भागवणे हे जाणत्यांच्या मतेही बरोबर नाही. विटांच्या तुकड्यांचा चांगला जाड कोबा, त्याच्या खाली किंवा वर उष्णतारोधक थर, आणि सर्वांत वर पांढऱ्या फुटक्या फरशांची चिनी फरसबंदी, एवढे केले तर वरचा मजला माणसांत येतो. ह्याला खर्च येतो, नाही असे नाही. पण तो सगळ्या सभासदांत वाटला तर एका एसीच्या किमतीपुढे काहीच नाही. इथे एक भांडण ठरलेले असते. खालच्या मजल्यावरचे म्हणतात, गच्ची तापते ती वरच्यांची, आम्ही का पैसे भरावे? त्यांना एवढेच विचारा की जिन्याचा दिवा, लिफ्ट आणि पाण्याचा पंप ह्यांचे पैसे वरचे आणि खालचे सारखेच भरतात ना?

खिडकीचा एक साधा नियम सांगून ठेवते. ऊन काचेच्या बाहेर अडवावे. आतून कितीही जाड पडदा लावला तरी ऊन काच ओलांडून खोलीत आलेलेच असते, पडदा तापून ते आपल्यालाच परत देतो. बाहेरून चिकाचा पडदा सोडला, किंवा हात-दीड हाताचा छज्जा असला, तर ऊन उंबऱ्यावरच थांबते. नव्या इमारती दिसायला सुबक म्हणून छज्जे काढून टाकतात. पश्चिमेच्या खिडकीला छज्जा नको म्हणणाऱ्या आर्किटेक्टला एप्रिलात त्या खोलीत संध्याकाळी चार वाजता चहा द्यावा, दुसरे काही बोलू नये.

आता ज्यांच्यापुढे कोणी संमतीचा कागद धरीत नाही, त्यांच्याविषयी. आपल्या घरी कामाला येणाऱ्या पुष्कळ मावश्या पर्वती पायथ्याला, जनता वसाहतीत राहतात. वर पत्रा. आमच्याकडच्या मावशी म्हणतात, "ताई, दुपारी घरी जाऊन काय करू, तव्याखाली बसल्यासारखं होतं." त्या दुपारी मुद्दाम आमच्या जिन्यात पडून राहतात. एसी त्यांना परवडणार नाही, आणि परवडला तरी पत्र्याखाली त्याचा उपयोग नाही. भोक पडलेल्या माठात पाणी भरण्यासारखे ते आहे. ऊन हा जीवाचा प्रश्न आहे. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची लाट आली, त्या महिन्यात एरवीपेक्षा तेराशेहून अधिक माणसे जास्त दगावली. त्यानंतर त्या शहराने २०१३ साली देशातला पहिला उष्णता आराखडा केला. झोपड्यांच्या छपरांना पांढरा रंग देण्याचे काम तिथे सुरू झाले, आणि त्यात महिला हाउसिंग ट्रस्ट ह्या बायकांच्या संस्थेने पुष्कळ काम केले. तेलंगणाने २०२३ साली तर थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. पांढऱ्या छपराने आतला पारा दोन ते पाच अंश उतरतो. पत्र्याखाली राहणाऱ्या बाईला ते पाच अंश म्हणजे निजता येणे आणि न येणे ह्यांतला फरक आहे.

ह्यात कठीण काही नाही. विझवलेला चुना रात्रभर भिजवावा, फडक्यातून गाळावा, धरून राहावा म्हणून त्यात थोडा फेविकॉल घालावा, आणि पत्रा धुऊन वाळल्यावर दोन किंवा तीन हात द्यावेत. पावसात तो धुऊन जातो, म्हणून दरवर्षी होळीच्या सुमारास करावा लागतो. डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे असावेत, चुना डोळ्यांत गेला तर वाईट. आणि पत्र्यावर पाय देऊन कोणीही चढू नये. शिडीवरून, लांब दांड्याच्या ब्रशानेच काम करावे.

गरम पाण्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण पुण्यात घर गरम करावे लागत नाही, पण आंघोळीचे पाणी वर्षभर लागते. वीस लिटरची बादली आंघोळीपुरती तापवायला अर्ध्या युनिटाच्या आत वीज लागते. चार माणसांच्या घरात महिन्याला पन्नास युनिटे नुसती न्हाणीघरात जातात. गच्चीवर सौर बंब असला तर वर्षातले बरेच महिने ती वाचतात. त्या बंबाच्या टाकीभोवतीही फेसाची गोधडीच असते, म्हणून काल दुपारचे पाणी आज पहाटे कढत मिळते. जुनी टाकी असेल आणि पाणी सकाळी कोमट येत असेल तर पुष्कळदा नळ्यांवरचे वेष्टन फाटलेले असते. प्लंबरकडून तेवढे बदलून घ्यावे, नवा बंब घेण्याची घाई करू नये. महानगरपालिका असा बंब चालू ठेवणाऱ्यांना घरपट्टीत सूट देते. पावसाचे पाणी साठवणे किंवा गांडूळखत ह्यांपैकीही एखादे केले तर सूट पाच टक्क्यांवरून दहावर जाते. पुष्कळ सोसायट्यांत बंब बंद पडून वर्षे लोटली आणि सूट मात्र चालू आहे, त्याविषयी मी येथे बोलत नाही.

आता कामाचे. इमारतींच्या सभा येत्या महिन्यात आहेत. सभेला पुरुषमंडळींबरोबर आपण जायचे आहे, आणि जिच्या नावावर घर आहे तिने तर जायचेच आहे. बिल्डरला चार गोष्टी विचारायच्या आणि उत्तरे कागदावर घ्यायची. बाहेरच्या भिंती कशाच्या आणि किती इंचांच्या? गच्चीवर कोबा किती जाड आणि त्यात उष्णतारोधक थर आहे का? पश्चिमेच्या खिडक्यांना छज्जे आहेत का? सौर बंबाची टाकी आणि नळ्या करारात लिहिल्या आहेत का? "सगळे स्टँडर्ड आहे, ताई" असे उत्तर येईल. तेव्हा, स्टँडर्ड म्हणजे किती इंच, असे पुन्हा विचारायचे. आवाज चढवण्याचे कारण नाही. शेजारीण सोबत असावी, म्हणजे पुन्हा विचारताना संकोच वाटत नाही.

दुसरे काम होळीच्या आधीच्या रविवारी. पहिल्या खेपेला पर्वती पायथ्याच्या बारा घरांचे पत्रे रंगवायचे आहेत. घरे मावश्यांनीच ठरवली आहेत, म्हाताऱ्या माणसांची आणि बाळंतिणींची आधी. चुन्याच्या दोन गोण्या मंडळाच्या निधीतून आणल्या आहेत. शिड्या आमच्या इमारतीतून दोन मिळतील, आणखी दोन हव्या आहेत. शनिवारी संध्याकाळी मंडळाच्या अंगणात चुना भिजवायचा आहे, त्याला प्रत्येकीने एक जुनी बादली आणि गाळायला एक सुती फडके आणावे. मुलांना चुन्याजवळ आणू नये. रविवारी सकाळी साडेसहाला निघायचे, कारण आठनंतर पत्र्याला हात लावता येत नाही.